वायकिंग आंघोळ तरी करायचे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी डेन्मार्कमध्ये राहते, वायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेचा अभ्यास करते, एवढं कळलं की पुण्याहून आलेला पाहुणा असो की इथला शेजारी, पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

करायचे हो! आइसलँडमध्ये शनिवारला आजही न्हाण्याचा वार म्हणतात, शनिवारचं डॅनिश नाव 'लॉर्दाग' त्याच जुन्या शब्दातून आलं. हरणाच्या शिंगाचे कंगवे कबरींतून निघतात. 'हावामाल' या जुन्या नॉर्स काव्यात सांगितलंय, सभेला जाताना अंग धुऊन, पोटभर जेवून जा, कपडे बेताचे असले तरी चालतील. बगदादच्या खलिफाच्या वकिलातीबरोबर गेलेल्या इब्न फदलानने ९२२ साली व्होल्गाकाठच्या रूस लोकांबद्दल, म्हणजे तिकडे व्यापाराला गेलेल्या वायकिंगांबद्दल लिहिलं, की एकाच घंगाळातलं पाणी सगळ्यांना फिरतं आणि त्यातच ते नाक शिंकरतात. हे सगळ्यांना पाठ असतं. ते रोज केस विंचरतात हेही त्यानेच लिहिलंय, ते कुणी सांगत नाही.

इतकी वर्षं मी इथेच थांबायचे.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. एकोणीस दिवस ते अतिदक्षता विभागात होते. मी विमानतळावरून पोचले तेव्हा उशीर झाला होता. चादरीबाहेर राहिलेला त्यांचा हात हातात घेतला, तर नखं वाढलेली. दर रविवारी सकाळी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून नखं कापणारा माणूस! अंगठ्याच्या नखाखाली औषधाचा तपकिरी डाग होता. मी पर्समधून नेलकटर काढला, एका नखाला लावलाही. काकू म्हणाली, "आता नको गं, सूतक लागलं." मी हात मागे घेतला. घरी नेऊन त्यांना आंघोळ घातली, गंध लावलं. नखं तशीच गेली.

तेराव्या शतकातल्या स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या लेखकाने लिहिलंय, की मेलेल्यांच्या न कापलेल्या नखांचं एक जहाज बनतंय, नागलफार. जगाच्या अंताला ते सुटेल, म्हणून वाढल्या नखांनी कुणाला मरू देऊ नये. माझ्या प्रबंधात मी हे दोन ओळींत निकालात काढलं होतं: स्नोरी ख्रिस्ती, जुना धर्म जाऊन दोनशे वर्षं झालेली, याला विधी समजू नये. तो मुद्दा आजही खोडता येत नाही. पण तेव्हा मी कुणाची वाढलेली नखं अशी हातात धरलेली नव्हती.

आणि त्याच परंपरेत वाली नावाचा देवही आहे, रामायणातला नव्हे. भाऊ बाल्डर मारला गेल्यावर, मारेकऱ्याला चितेवर चढवेपर्यंत त्याने हात धुतले नाहीत, केस विंचरले नाहीत. म्हणजे काकूचं सूतकही तिथे कुणाला परकं वाटलं नसतं. मग मी चिडते कुणावर? काकूने तिचं पाळलं. मी काय पाळायला हवं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.