गाडी पाण्यावर आहे

ऑक्टोबर २०२३ मध्ये सेल्समनचा मेसेज आला तेव्हा मी लॅबमध्ये होते, हातात ग्लोव्हज. फोनच्या पडद्यावर एकच ओळ दिसत होती : तुमची गाडी पाण्यावर आहे. चौदा महिने ज्या गाडीसाठी थांबले होते ती अखेर जपानहून निघाली होती.

घरी गेल्यावर डोंबिवलीला फोन लावला. अण्णांनी बातमी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "कुठल्या पाण्यावर?"

"म्हणजे?"

"अगं, पाणी काय थोडं आहे? जहाजाचं नाव काय? निघालं कधी? मध्ये थांबणार कुठे?"

यातलं काहीच मला माहीत नव्हतं. "मग तुला नेमकं सांगितलं काय त्याने?" असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

अण्णा १९७९ पासून २०१४ पर्यंत मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये टॅली क्लार्क होते. म्हणजे जहाजातून उतरणारा आणि जहाजात चढणारा माल मोजायचा, खुणा-नंबर कागदाशी ताडून बघायचे, कमी-जास्त असेल तर लिहून ठेवायचं. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. आमच्या वडाळ्याच्या क्वार्टरमध्ये दळणाचा डबा, धोब्याचे कपडे, लग्नाच्या पत्रिका सगळं तसंच मोजलं जायचं. पुढे न्हावा शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, माल कंटेनरमध्ये बंद होऊन येऊ लागला आणि गोणी-पेट्या मोजायचं काम हळूहळू आटत गेलं. पण सवय कुठे आटते?

आता गाडीबद्दल. मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहते. माझी जुनी कॅमरी इथल्याच टोयोटाच्या अल्टोनातल्या कारखान्यात तयार झालेली, घरापासून पंधरा मिनिटांवर. तो कारखाना ३ ऑक्टोबर २०१७ ला बंद झाला. फोर्डने आदल्या वर्षीच गाशा गुंडाळला होता, आणि टोयोटापाठोपाठ त्याच महिन्यात होल्डन या इथल्या कंपनीच्या कारखान्यालाही कुलूप लागलं. तेव्हापासून इथे नवी कार घ्यायची म्हणजे ती समुद्रावरूनच येणार. कॅमरी मुलाला द्यायची ठरलं आणि मी २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक जपानी हायब्रीड बुक केली. कंपनी कुठली ते सोडा. तेव्हा चिपच्या टंचाईने सगळ्यांचीच तारांबळ उडाली होती. "सहा ते नऊ महिने," सेल्समन म्हणाला होता. नवव्या महिन्यात "अजून थोडे दिवस" आणि बाराव्या महिन्यात नुसताच हसण्याचा इमोजी.

या सगळ्या काळात अण्णांना गाडीत अजिबात रस नव्हता. एकदाच त्यांनी स्वतःहून फोन केला, तो जुलै २०२३ च्या शेवटी. हॉलंडच्या किनाऱ्याजवळ 'फ्रीमँटल हायवे' नावाच्या जहाजाला आग लागली होती. पोटात तीन हजारांहून जास्त गाड्या. नाव ऐकून मी आधी दचकलेच, कारण फ्रीमँटल म्हणजे आमच्याच देशातलं बंदर. पण जहाज निघालं होतं जर्मनीहून आणि जात होतं इजिप्तकडे. मी म्हटलं, "नशीब, माझी गाडी अजून बनलीच नाहीये. गेल्या वर्षी फेब्रुवारीत 'फेलिसिटी एस'सुद्धा असंच पेटलं, अझोर्सजवळ. चार हजार गाड्या घेऊन बुडालं, पोर्शे काय, बेंटली काय…"

"गाड्यांचं काय घेऊन बसलीस," अण्णा म्हणाले. "पोरगा गेला ना त्यात. आपल्याकडचा."

खरंच एक भारतीय खलाशी गेला होता. बाकीच्यांपैकी काहींनी त्या उंच डेकवरून थेट समुद्रात उड्या टाकल्या होत्या. मी बातमीत गाड्यांचा आकडा आधी वाचला होता. अण्णांनी पेपरात ती बातमी कुठून वाचायला सुरुवात केली असेल ते मला फोनवरूनही कळलं. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघं पावसाबद्दल बोललो.

तर ऑक्टोबरमध्ये मी सेल्समनच्या मागे लागून जहाजाचं नाव काढलं. त्यासाठी दोनदा शोरूममध्ये जावं लागलं आणि एकदा करंज्यांचा डबा न्यावा लागला. (लाच नव्हे, दिवाळी जवळ आली होती.) नाव हाती आलं आणि डोंबिवलीत चक्रं फिरली. भाच्याने अण्णांच्या फोनवर जहाजं दाखवणारं ॲप टाकून दिलं. प्रत्येक मोठं जहाज आपण कुठे आहोत, किती वेगाने कुठे तोंड करून चाललोय हे रेडिओवर सतत सांगत असतं. किनाऱ्यावरची यंत्रं ते ऐकतात आणि आपल्याला नकाशावर छोटा बाण दिसतो. आमचा बाण नागोयाहून निघाला होता. जपानमधून सर्वात जास्त गाड्या बाहेर जातात त्या याच बंदरातून.

चौथ्या दिवशी बाण गायब झाला.

भर समुद्रात गेल्यावर किनाऱ्यावरच्या यंत्रांना जहाज ऐकू येत नाही, तिथे उपग्रह लागतो, आणि उपग्रहाची माहिती हवी असेल तर ॲप पैसे मागतं. हे मी अण्णांना समजावून सांगितलं. पैसे भरायला ते अर्थातच तयार नव्हते. "आमच्या वेळी बोट दिसायची ती धक्क्याला लागल्यावरच," असं म्हणत त्यांनी दिवसाला सहा वेळा ॲप उघडलं. आई म्हणाली, तुझ्या गाडीपायी यांनी कोडं सोडवायचं बंद केलंय.

बाण नसलेल्या त्या दिवसांत आमच्या जेवढ्या गप्पा झाल्या तेवढ्या गेल्या पाच वर्षांत झाल्या नसतील. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अण्णांनी मुंबई बंदरात गाड्यांची जहाजं भरताना पाहिली होती. चाकणच्या व्हेंटो गाड्या तिथून मेक्सिकोला जायच्या, स्टिअरिंग डावीकडे. क्रेन नाही, काही नाही. मागचा रॅम्प धक्क्यावर टेकवायचा आणि गाड्या चालवत आत न्यायच्या. ड्रायव्हरांची टोळी गाड्या आत लावते, मग एक व्हॅन सगळ्यांना गोळा करून पुन्हा धक्क्यावर आणून सोडते, की पुढची खेप. दोन गाड्यांच्या मध्ये तळहात जाईल एवढीच जागा. ओरखडा पडू नये म्हणून बोटात अंगठी नको, कमरेला बक्कल नको. प्रत्येक गाडी पट्ट्यांनी डेकला आवळून बांधायची. "आणि वरून बघशील तर जहाज कसलं, बारा मजल्यांचं पार्किंग. खिडक्या नसलेलं."

मीही माझ्या बाजूने एक गोष्ट शोधून काढली. अशा जहाजात किती गाड्या मावतात हे आजही १९६६ सालच्या टोयोटा कोरोना या गाडीच्या मापाने मोजतात. जहाज साडेसहा हजारांचं म्हणजे साडेसहा हजार कोरोना मावतील एवढं. अण्णांना हे फारच आवडलं. "दोन वर्षं घरात बसून आपणही कोरोनाच मोजत होतो," म्हणाले. हा विनोद पुढे त्यांनी डोंबिवलीतल्या सगळ्या नातेवाइकांना ऐकवला.

मग एके सकाळी उठले तर फोनवर पाच मिस्ड कॉल. बाण ब्रिस्बेनच्या वरच्या बाजूला उगवला होता. ब्रिस्बेन, मग सिडनीच्या खाली पोर्ट केम्बला, मग मेलबर्न. नोव्हेंबरच्या मध्यावर जहाज आमच्या दारात आलं आणि नांगर टाकून उभं राहिलं. शून्य नॉट्स. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य.

कारण होतं एक किडा. आपल्याकडे हिरवा ढेकण्या असतो ना, चिरडला की घाण वास येणारा, त्याचाच हा तपकिरी भाऊबंद. थंडीत उबदार फटीत दडी मारायची त्याची सवय, आणि गाडीइतक्या फटी आणखी कशात असणार? ऑस्ट्रेलियात तो अजून रुजलेला नाही आणि फळबागांसाठी तो काळ आहे, म्हणून १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात जपानसकट बऱ्याच देशांतून निघालेल्या जहाजांवर कडक पहारा असतो. न्यूझीलंडने २०१८ मध्ये अशी गाड्यांची जहाजं सरळ परत पाठवली होती. त्यात २०२३ मध्ये भर पडली ती गवताच्या बियांची. कारखान्याबाहेर मोकळ्या रानात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या बिया, चिखल, गोगलगायी घेऊन इथे उतरत होत्या. प्रत्येक गाडी धुऊन तपासायची, मगच पुढची सोडायची. बंदरात जागा नाही म्हणून बाहेर जहाजांची रांग.

अण्णांना या विलंबात काहीही वावगं वाटलं नाही. "तपासतायत ना? मग चांगलंय."

त्याच आठवड्यात, १९ नोव्हेंबरला, तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलॅक्सी लीडर' पळवलं. तेही गाड्यांचंच जहाज, रिकामं, तुर्कस्तानहून आपल्या पिपावावला निघालेलं. तो व्हिडिओ अण्णांनी मला पाठवला, मी त्यांना पाठवला, भाच्याने दोघांना पाठवला. आमचं जहाज मात्र सुरक्षित होतं. नांगरावर.

पुढच्या शनिवारी बाण हलला. मी विल्यमस्टाउनच्या किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले, समोर वेब डॉक दिसतो, गाड्यांची जहाजं लागतात तो धक्का. दुपारचा एक, डोंबिवलीत सकाळचे साडेसात. व्हिडिओ कॉलवर अण्णा अंघोळ करून, भांग पाडून बसले होते. जहाज आलं. बुटाचं खोकं कुणीतरी पाण्यात सोडावं तसा आकार, देखणेपण शून्य. पुढे-मागे टग.

"रॅम्प दाखव."

"दिसत नाहीये. पलीकडच्या बाजूला असेल."

"मग गाड्या उतरताना दिसणार नाहीत?"

नाही दिसल्या. तासभर आम्ही एका लांबलचक पोलादी भिंतीकडे बघत बसलो. माझ्या फोनची बॅटरी संपली. गाडी आत कितव्या मजल्यावर होती, तेव्हाच उतरली की दोन दिवसांनी, कोण जाणे.

धुणं, तपासणी, नंबरप्लेट यांत आणखी जवळजवळ तीन आठवडे गेले. डिसेंबरच्या मध्यावर मला बोलावणं आलं. शोरूममध्ये गाडीवर भलीमोठी लाल बो बांधली होती आणि फोटो काढायला एक मुलगी तयार होती. मी अण्णांना फोन लावला, कारण तसं बजावून ठेवलेलं होतं, आणि पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात वाकून चॅसी नंबर वाचू लागले. गाडी ठरल्यावर आलेल्या कागदावरून तो अण्णांनी कधीच डायरीत उतरवून घेतला होता. सतरा अक्षरं-आकडे. पहिलं जे, म्हणजे जपान. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. हे शोधून काढणाऱ्या माणसाला अण्णा गेले महिनाभर मनातल्या मनात सलाम करत होते. पस्तीस वर्षं त्यांनी ओ की शून्य यावरून शेडमध्ये भांडणं केली होती.

मी वाचत गेले, ते पलीकडून पुन्हा म्हणत गेले. सेल्समन आधी हसत उभा होता, मग घड्याळ बघू लागला. माझं स्वतःचं काम दिवसभर ट्यूबवरचं लेबल आणि कागदावरचं नाव जुळवायचं, त्यामुळे मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही.

"शेवटचे चार पुन्हा."

मी पुन्हा वाचले.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "एक नग. आता सही कर."

मागून आईचा आवाज आला, "अहो, कॅमेरा फिरवायला सांगा तिला. नंबर कसले ऐकत बसलात, गाडी तरी बघू द्या!"