नाकारण्यात चूक

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचं ते पत्र अजून टेबलावर उघडंच आहे.

जानेवारी 1714 मधलं, रेमों नावाच्या फ्रेंच गृहस्थाला लिहिलेलं. लायब्निझ तेव्हा 67 वर्षांचा. तत्त्वज्ञानातले बहुतेक पंथ जे ठामपणे मांडतात त्यात बऱ्याच अंशी बरोबर असतात, जे नाकारतात त्यात तितके नसतात, असं तो म्हणतो. पंधराव्या वर्षाची आठवणही सांगतो. लाइपझिगजवळच्या वनराईत एकटाच फिरत होता, शाळेत शिकलेली अ‍ॅरिस्टॉटलची ‘रूपतत्त्वं’, म्हणजे वस्तूला ती जे आहे ते बनवणारी आतली तत्त्वं, ठेवायची की सोडायची, हे ठरवत. तेव्हा यंत्रवाद, म्हणजे सगळं आकार आणि गतीनेच समजावणारा विचार, जिंकला, आणि तो गणिताकडे वळला. पुढे गतीच्या नियमांचं मूळ शोधताना ते गणितात सापडेना, म्हणून जे टाकलं होतं तिकडे परत आला. मला हे परत येणं फार मोठं वाटतं.

दोन पंथांचा समेट म्हणजे थोडं तू सोड, थोडं मी सोडतो, अशीच माझी समजूत होती. पण प्रकाशाचं उदाहरण बघा. पाण्यात शिरताना किरण का वाकतो? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1637 मध्ये चेंडूच्या गतीसारखं यांत्रिक उत्तर दिलं. त्यावरून गणिती फर्माशी त्याचं भांडण जुंपलं. पुढे, देकार्त गेल्यावर, फर्माने मांडलं, प्रकाश सर्वांत कमी वेळाची वाट धरतो; पण नियम एकच निघाला. लायब्निझने 1682 मध्ये ‘सर्वांत सोपी वाट’ घेऊन तोच नियम काढून दाखवला, आणि यांत्रिक स्पष्टीकरणाचा हक्कही काढून घेतला नाही. कारण आणि हेतू, दोन्ही पुरेपूर. इथे कुणालाच काही सोडावं लागत नाही.

मन आणि शरीराच्या बाबतीत मात्र माझं मन त्याच्याबरोबर जात नाही. त्याच्या मते ती म्हणजे दोन घड्याळं, पहिल्यापासूनच इतकी अचूक बनवलेली की एकमेकांना न शिवताही वेळ जुळते. दाखला सुंदर आहे. पण ही ओळ लिहायची इच्छा माझी, आणि हात हलतोय तो त्या इच्छेनेच, हे तर देकार्तने ठामपणे मांडलेलं होतं. नाकारलेलं नव्हे. लायब्निझच्याच कसोटीवर ते टिकायला हवं होतं, आणि नेमकं तेच त्याने गाळलं.

याच जागी 1643 मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने देकार्तला लिहिताना बोट ठेवलं होतं: ज्याला आकार नाही, विस्तार नाही, ते शरीराला ढकलतं कसं? देकार्तने तिला शेवटी पत्रात सांगितलं, मन-शरीराचं ऐक्य चिंतनाने नाही, रोजच्या जगण्या-बोलण्यातून कळतं. आजवर मला ती पळवाट वाटायची. उद्या देकार्तचं ते पत्र पुन्हा सावकाश वाचणार आहे.