जुना मेकॅनो: आधी मोजा, मग पैसे द्या

फ्रँक हॉर्नबीने 1901 मध्ये लिव्हरपूलमध्ये पेटंट घेतलेल्या मेकॅनोचं, म्हणजे छिद्रांच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडायच्या खेळण्याचं, सगळं गणित अर्ध्या इंचावर चालतं. दोन छिद्रांच्या केंद्रांमधलं अंतर 12.7 मिमी. भंगारात किंवा जुन्या घरातल्या ट्रंकेत पट्ट्या सापडल्या की पहिल्या छिद्रापासून तेराव्यापर्यंत कॅलिपर लावा. 152.4 मिमी भरलं तर माल जुळणारा. 120 भरलं तर ती मेर्कूर या तशाच चेक खेळण्याची, 10 मिमी अंतराची पट्टी, तुमच्या सेटला निरुपयोगी.

खरी गोची बोल्टची. मूळ आटे 5/32 इंच व्हिटवर्थ (जुनं ब्रिटिश माप), म्हणजे 3.97 मिमी जाडी आणि इंचाला 32 आटे. कोणत्याही हार्डवेअर दुकानातला एम4 (4 मिमीचा मेट्रिक बोल्ट) डोळ्यांना तसाच दिसतो, पण त्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 0.7 मिमी, याचा 0.79. एक-दोन फेरे जातो नि अडकतो. पान्याने जोर केलात तर पितळी बॉसचे (चाकाच्या मधोमध दांड्यावर बसणाऱ्या भागाचे) आटे गेलेच! पट्ट्या जोडायला एम4 बोल्ट-नट जोडीने खुशाल वापरा, चाकांच्या बॉसमध्ये मात्र नको. खराब आट्यांसाठी व्हिटवर्थ टॅपची (आटे पाडायच्या हत्याराची) चौकशी बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्यांकडे करावी.

गिअरमध्ये 57 दात्यांचं चाक आणि 19 चं पिनियन (छोटं दातेरी चाक) बरोबर एक इंच अंतरावर बसतात, वेग 3:1. तरी जड फिरत असेल तर दोष बहुधा चौकटीच्या तिरकेपणात. सगळे नट आधी सैल ठेवा, दांडा आरपार घाला, तो बोटाने फिरला की मगच आवळा.

बेळगावच्या पावसाळ्यात उघड्या कडांना गंज धरतोच; शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात पुरतो.