पाचव्यांदा कोसळलेला मनोरा
आज दुपारी लेकीने ठोकळ्यांचा मनोरा रचायला घेतला. वय वर्षं पाच, हट्ट मात्र पन्नाशीचा. पाचव्यांदा तो कोसळला आणि तिने उरलेले ठोकळे लाथेने उडवले. एक थेट माझ्या नडगीवर. (लाकडी होता, हे नमूद करते.)

"अगं, एवढं काय त्यात?" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. तिचं तर अख्खं जगच खाली आलं होतं. रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत राहतो. मग पाच वर्षांच्या पोरीकडे संयम मागायचा तरी कुठल्या तोंडाने? माझाच कधीकधी सापडत नाही.

शेजारी जमिनीवर बसले. "खूप राग आला ना? किती वेळ लावून रचलं होतंस." रडणं आधी वाढलंच. मग कुशीत शिरली. "ही मेणबत्ती विझव, पण हळूऽऽ" म्हणत एक बोट पुढे धरलं. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे तिला कशाला सांगू? दहाही बोटं विझली, तिसऱ्या बोटाला हुंदके थांबले होते.

पाणी पिऊन आली, पसाऱ्याकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आई, मी खाली छोटा ठोकळा लावला होता." मला ते मघाशीच दिसलं होतं. कशी गप्प बसले, माझं मला माहीत!

सहावा मनोरा अजून उभा आहे. तिथून कुणी जोरात चालायचं नाही, असा हुकूम सुटलाय.