जुन्या अ‍ॅम्पला बाहेरून प्रीअ‍ॅम्प लावताना

आमच्या जुन्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्पचा (अ‍ॅम्प्लिफायरचा) व्हॉल्यूम फिरवला की खरखर व्हायची आणि डावा स्पीकर मधेच गप्प बसायचा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की काही दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेवटी पुण्यात पासोड्या विठोबाजवळ दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, पॉवरचा भाग ठणठणीत आहे. पुढचंच झिजलंय सगळं, आणि हा पॉट, म्हणजे व्हॉल्यूमचा फिरणारा भाग, आता मिळायचा नाही. मागे मेन-इनचं सॉकेट आहे ना? मग प्रीअ‍ॅम्प बाहेरून लावा की!"

इंटिग्रेटेड म्हणजे एकाच डब्यात दोघांचा संसार. प्रीअ‍ॅम्प सोर्स (सीडी, टीव्ही वगैरे) निवडतो, व्हॉल्यूम आणि टोन बघतो. पॉवर अ‍ॅम्प त्या सिग्नलला स्पीकर हलवण्याची ताकद देतो. त्या काळच्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये या दोघांमधला जोड मागच्या बाजूला उघडा ठेवलेला असायचा. प्री-आउट (प्रीअ‍ॅम्पमधून बाहेर) आणि मेन-इन (पॉवर अ‍ॅम्पमध्ये आत) अशी सॉकेटं, आणि त्यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या पिना. १९७८ साली आलेल्या, जेमतेम २० वॉटच्या एनएडी ३०२० लाही अशी सोय होती.

मेन-इन नसेल तर प्रीअ‍ॅम्प ऑक्समध्ये, म्हणजे अ‍ॅम्पच्या साध्या इनपुटमध्ये, लावता येतो. पण मग सिग्नल दोन प्रीअ‍ॅम्पमधून जातो आणि जुन्या पॉटची खरखर आहे तिथेच राहते, म्हणजे माझ्या दृष्टीने खर्च वाया. फोनोमध्ये, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटमध्ये, मात्र अजिबात लावू नये. तिथे सिग्नल साधारण १०० पट वाढतो, शिवाय रेकॉर्डसाठीचं आरआयएए इक्वलायझेशन (बास वाढवून ट्रेबल कमी करणं) लागतं. आवाज फाटलेला आणि घुमणारा येतो.

मी छोटा, रिमोटवाला प्रीअ‍ॅम्प घेतला. जोडण्याआधी एक गोष्ट केली, आणि ती सगळ्यांनी करावी असं माझं ठाम मत आहे: प्रीअ‍ॅम्प चालू करून त्याच्या आउटपुटवर मल्टिमीटर लावला. मधल्या टोकावर लाल, बाहेरच्या कड्यावर काळा, सेटिंग डीसी २०० मिलिव्होल्ट. आकडा दोन-तीन मिलिव्होल्टवर स्थिरावला. तिथे भरपूर डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा व्होल्टेज) निघाला असता, तर काही पॉवर अ‍ॅम्प तो वाढवून थेट स्पीकरवर सोडतात आणि वूफरची कॉइल जळू शकते.

मग दोन्ही यंत्रांचे प्लग काढले. मागच्या पिना इतक्या वर्षांत घट्ट बसल्या होत्या. पक्कडीने ओढण्याऐवजी बोटांनी हलकेच डावी-उजवीकडे हलवत बाहेर काढल्या आणि पिशवीत घालून त्याच अ‍ॅम्पच्या तळाला चिकटवून ठेवल्या. त्या हरवल्या आणि पुढे प्रीअ‍ॅम्प काढला, तर अ‍ॅम्प मुका होतो. एक मीटरच्या आरसीए केबलने प्रीअ‍ॅम्पचं आउट मेन-इनला जोडलं. लाल उजवीकडे, पांढरी डावीकडे.

आता पॉवर अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने उघडा असतो. त्याच्या स्वतःच्या व्हॉल्यूमचा काही अंकुश राहत नाही. म्हणून प्रीअ‍ॅम्पचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनच सुरुवात केली, आणि तीही अडगळीतल्या स्पीकरवर. चालू करताना आधी प्रीअ‍ॅम्प, बंद करताना आधी पॉवर अ‍ॅम्प. क्रम चुकला तर स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज येतो.

खरखर गेली, पण बारीक घरघर सुरू झाली. सगळे सोर्स काढले, तर शांत. एकेक परत लावत गेलो. सीडी प्लेअर लावला तरी शांतच, टीव्ही लावला की घरघर. सेट-टॉप बॉक्सला गच्चीवरून येणारी डिशची केबल उपसली आणि घरघर बंद! अर्थिंगचा दुसरा रस्ता तिथून येत होता, आणि दोन रस्त्यांचा मिळून लूप झाला होता. काहीजण अशा वेळी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढायला सांगतात. जीव धोक्यात घालायचा हा उद्योग आहे, ऐकू नका. मी टीव्हीपासून ऑप्टिकल केबल आणून छोट्या डॅकमार्फत (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा डबा) प्रीअ‍ॅम्पला जोडली. ऑप्टिकलमधून वीज वाहतच नाही, त्यामुळे लूप तुटला.

आवाजात स्वर्ग अवतरला वगैरे नाही. डावा स्पीकर सलग वाजतो, एवढंच हवं होतं. जुन्या अ‍ॅम्पची बास, ट्रेबल आणि लाउडनेसची बटणं आता शोभेची झाली, कारण ती पुढच्या भागात होती. बास-ट्रेबलचं मला फारसं काही वाटत नाही, पण रात्री हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, तेव्हा तो भरून काढणाऱ्या लाउडनेसची उणीव भासते. नव्या प्रीअ‍ॅम्पला ते बटणच नाही. घेताना ते बघायला हवं होतं असं घरचे म्हणतात.