पद्मिनीच्या तिसऱ्या सिलिंडरमधील ओरखडा: बोअर करायचे की नाही

माझ्या १९८७ च्या प्रीमियर पद्मिनीच्या हेड गॅस्केटमधून बाहेरच्या बाजूला पाणी झिरपू लागल्यामुळे मागच्या महिन्यात हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवले, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर वरून खाली गेलेला एक बारीक ओरखडा दिसला. पाहून मन खट्टू झाले. नाना पेठेत गॅस्केट आणायला गेलो तेव्हा ओळखीच्या मिस्त्रींना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "साहेब, इंजिन उघडलंच आहे तर बोअर करून टाका, पुन्हा बघायला नको." बोअर करणे म्हणजे सिलिंडर आतून कातून किंचित मोठा करणे आणि त्यात मोठ्या मापाचा (ओव्हरसाइज) पिस्टन घालणे. सल्ला आपुलकीचा होता. मात्र १०८९ सीसीच्या या ब्लॉकमधून एकदा कातलेले लोखंड परत येत नाही, आणि प्रत्येक बोअरिंगबरोबर ओव्हरसाइज पिस्टनची एक पायरी कायमची खर्ची पडते. म्हणून आधी नीट मोजायचे आणि मगच निर्णय घ्यायचा, असे ठरवले.

हेड उतरवण्यापूर्वी गरम इंजिनावर, चारही प्लग काढून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घेतले होते. आकडे अनुक्रमे १३०, १२७, ११९ आणि १२८ पीएसआय आले. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण सहा टक्के कमी असतो आणि गेजवरचा आकडाही त्या प्रमाणात खाली येतो, त्यामुळे पुस्तकातील आकड्यापेक्षा चारही सिलिंडरांची आपसातली तुलना मला अधिक भरवशाची वाटते. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यात साडेआठ टक्क्यांचा फरक आहे. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सर्वसाधारणपणे चालतो. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतले तेव्हा ११९ चे १२६ झाले, म्हणजे तिथे पिस्टनच्या रिंगांच्या कडेने थोडा दाब निसटतो आहे, हे खरे.

आता ओरखड्याविषयी. नख त्यावरून आडवे फिरवले तर कुठेही अडकत नाही. रेघ डोळ्यांना दिसते, पण बोटाला लागत नाही. खालच्या भागात होनिंगच्या (भिंत घासताना पडलेल्या) तिरक्या जाळीच्या खुणाही शाबूत आहेत. याउलट सिलिंडरच्या अगदी वरच्या टोकाला, जिथपर्यंत पहिली रिंग पोहोचत नाही, तिथे नखाला एक हलकी कडा लागते, आणि खरी झीज तिथेच कळते. ज्वलनाचा दाब व उष्णता सर्वांत जास्त आणि ऑइल सर्वांत कमी, अशी परिस्थिती त्या कडेच्या लगेच खाली असते.

ती झीज मोजण्यासाठी स्टँडर्ड मापाची एक नवी रिंग आणि जुन्या बाजारातून आणलेला एक जुना पिस्टन वापरला. इंजिनातला पिस्टन पूर्ण खाली नेला, रिंग बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, ठेवली आणि ती तिरकी बसू नये म्हणून जुना पिस्टन उलटा धरून त्याने हलकेच खाली ढकलली. कडेच्या खाली रिंगच्या दोन टोकांमध्ये ०.५५ मिमीचे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) गेले, तर तळाच्या भागात ०.३५ मिमीचे. व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३.१४ पट फट वाढते, त्यामुळे ०.२० ला ३.१४ ने भागले की वरच्या आणि खालच्या व्यासातील फरक मिळतो. तो सुमारे ०.०६ मिमी निघाला. मात्र या रीतीने सरासरी व्यास कळतो, बोअर अंडाकृती झाला आहे का ते कळत नाही, म्हणून लेथवाल्यांकडून डायल बोअर गेज आणून तेही पाहिले. फरक ०.०३ मिमी. वर्षाला जेमतेम दीड हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी एवढ्यावर ब्लॉक कातणे मला पटत नाही.

नुसत्या नव्या रिंगा टाकण्याचा विचारही सोडून दिला, कारण वरची कडा आधी कातून काढली नाही, तर पूर्ण मापाची नवी रिंग तिच्यावर आदळून तुटण्याची भीती असते.

गाडी अधूनमधून निळा धूरही सोडत असे, पण त्याचे कारण वेगळेच होते. कात्रजचा जुना घाट चढताना, इंजिनावर भार असताना, धूर दिसत नसे. बोगदा ओलांडून ॲक्सिलरेटर सोडून शिंदेवाडीकडे उतरल्यावर पाय दाबला की निळा लोट येत असे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये जोराचा व्हॅक्युम तयार होतो आणि ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून आत ओढले जाते. हेड पाहिले तेव्हा दोन इनटेक व्हॉल्व्ह गाइडमध्ये (दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात) डगडग करत होते. ते गाइड बदलले, व्हॉल्व्ह ग्राइंड करून घेतले आणि बोअरला हात न लावता हेड बसवले.

त्यानंतर ६०० किलोमीटर झाले आहेत. घाट उतरल्यावरचा लोट थांबला आहे, तिसऱ्याचे कॉम्प्रेशन १२१ आले, आणि पूर्वी १,२०० किलोमीटरला लिटरभर लागणारे २०डब्ल्यू-५० ऑइल डिपस्टिकवर अजून वरच्या खुणेच्या किंचितच खाली आहे. पुढचे माप दिवाळीनंतर घेईन.