विंडोज सोडून लिनक्स : गेलेला आवाज परत आणायला आधी शिका

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. माझ्या लॅपटॉपात सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आहे. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. यंत्र धडधाकट असताना केवळ एवढ्यासाठी ते भंगारात देणे मला पटले नाही. म्हणून डेबियन १३ हे लिनक्स टाकले आणि विंडोजवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरऐवजी (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) लिनक्सवरचा ऑर्का वापरायला शिकले. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या कुणाला हाच रस्ता धरायचा असेल, तर पुढचे तपशील उपयोगी पडतील.

विंडोज बोलत आहे तोवरच तीन कामे उरकून घ्यावीत. सगळ्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. आणि रुफस हा प्रोग्रॅम वापरून डेबियनची नेटइन्स्ट इमेज (बाकीचे भाग इंटरनेटवरून घेणारी इन्स्टॉलरची फाइल) पेनड्राइव्हवर चढवा. ती एक जीबीहून लहान आहे, त्यामुळे नागपूरच्या बर्डी बाजारात मिळणारा साधा ८ जीबीचा पेनड्राइव्हही पुरतो. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही. वायफायची फर्मवेअर (ते चालवणारी फाइल) डेबियन १२ पासून इमेजमध्येच येते. तरीही वायफाय सापडले नाही, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. इन्स्टॉलरला ते वायरचे नेटवर्क वाटते आणि पासवर्डचा प्रश्नच येत नाही.

डोळस माणसाची मदत खरोखर लागते ती एकाच ठिकाणी : बूट मेन्यूत. तिथे कोणताही स्क्रीन रीडर चालत नाही. कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडावा लागतो. घरात कुणी नसेल तर फोनचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरून बी माय आइज या अ‍ॅपवर डोळस स्वयंसेवकाला विचारता येते.

पेनड्राइव्हवरून सुरू झाल्यावर डेबियन बीप देते : जुन्या बायोसच्या यंत्रांवर एक, नव्या यूईएफआयच्या यंत्रांवर दोन. बीप आली की एस आणि मग एंटर. ही बीप हेडफोनमधून येत नाही आणि काही लॅपटॉपवर ऐकूच येत नाही. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असेल तर ती हमखास बुडते, म्हणून दहा मिनिटे कूलर बंद ठेवा. बीप आलीच नाही तर पेनड्राइव्ह निवडल्यापासून अर्धा मिनिट मोजून एस, एंटर दाबा. लॅपटॉपात एकापेक्षा जास्त साउंड कार्डे असतील (एचडीएमआयचे बहुतेक असतेच) तर इन्स्टॉलर प्रत्येकावर बोलून पाहतो. ज्यातून आवाज आला त्यावर एंटर.

पुढे सगळे क्रमांकांवर चालते. पर्याय वाचले जातात, क्रमांक टाइप करून एंटर द्यायचा. भाषा इंग्रजीच ठेवा, देश भारत निवडा. मराठी नंतर आणता येते. रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड विचारला की काहीही न लिहिता एंटर दाबा. तसे केले तरच तुमच्या खात्याला सुडोचा, म्हणजे प्रशासकाची कामे करण्याचा, अधिकार मिळतो. तिथे पासवर्ड ठेवणाऱ्याला पहिले सॉफ्टवेअर टाकताना नकार ऐकावा लागतो आणि कारण कळत नाही. डिस्कच्या शेवटच्या प्रश्नावर (बदल डिस्कवर लिहायचे का) आपोआप निवडलेले उत्तर ‘नाही’ असते. एंटर मारत गेलात तर गाडी तिथेच अडते, ‘हो’चा क्रमांक मुद्दाम द्यावा लागतो. डेस्कटॉपच्या यादीत मी माटे घेतले. त्यात विंडोजसारखा मेन्यू आहे, ऑल्ट एफ१ ने उघडतो आणि बाणांनी फिरता येतो. ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप वाईट नाही, पण विंडोजची सवय असलेल्या हातांना माटे लवकर बसते. आवाजासह इन्स्टॉल केल्यामुळे नवी सिस्टिम पहिल्यापासून बोलते.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण पहिल्या दिवशी शॉर्टकट पाठ करायला बसतात. माझ्या मते पहिला दिवस आवाज परत आणण्याच्या सरावाला द्यावा. ऑर्का अधूनमधून गप्प होतो. अशा वेळी पॉवर बटण दाबून धरले तर फाइल जाते.

बोलण्याची साखळी तीन कड्यांची आहे : ऑर्का मजकूर गोळा करतो, स्पीच डिस्पॅचर तो आवाजाच्या इंजिनाकडे पोचवतो आणि ईस्पीक तो उच्चारतो. कोणती कडी तुटली ते आधी शोधायचे. ऑल्ट एफ२ दाबा. उघडलेली चौकट ऐकू येणार नाही, पण ती उघडलेली असते. त्यात लहान इंग्रजी अक्षरांत एस-पी-डी, डॅश, एस-ए-वाय, मग जागा सोडून हॅलो लिहा आणि एंटर. ‘हॅलो’ ऐकू आले तर आवाज ठीक आहे, ऑर्का पडला आहे. मग पुन्हा ऑल्ट एफ२, ऑर्का, जागा, दोन डॅश, लगेच रिप्लेस. दोन-तीन सेकंदांत तो नव्याने उठतो. ‘हॅलो’ आलेच नाही तर आधी हेडफोन आणि एचडीएमआयची केबल काढून पाहा, कारण टीव्ही जोडला की आवाज तिकडे पळतो. तरी शांतता असेल तर ऑल्ट एफ२ मध्ये पी-के-आय-एल-एल, जागा, स्पीच. पूर्ण ‘स्पीच-डिस्पॅचर’ लिहू नका. ही आज्ञा प्रक्रियेच्या नावाची पहिली पंधरा अक्षरेच पाहते, त्यामुळे लांब नाव तिला सापडत नाही. त्यानंतर ऑर्का रिप्लेसची ओळ पुन्हा द्या. हे सगळे आवाज चालू असताना दहा वेळा करून बोटांत बसवा.

शॉर्टकटची धास्ती घेऊ नका. नमपॅड जवळजवळ एनव्हीडीएसारखाच आहे : ७-८-९ ओळी, ४-५-६ शब्द, १-२-३ अक्षरे. फायरफॉक्समध्ये एच ने शीर्षक, के ने लिंक, बी ने बटण, १ ते ६ ने शीर्षकाची पातळी, सगळे ओळखीचे. घोटाळा होतो तो सारख्या दिसणाऱ्या, पण वेगळे काम करणाऱ्या जोड्यांत. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट टी ने खिडकीचे नाव कळते, ऑर्कात वेळ कळते. नावासाठी इन्सर्टसोबत नमपॅडचे एंटर. एनव्हीडीएत इन्सर्ट स्पेसने फॉर्म भरण्याची आणि वाचण्याची अवस्था बदलते. ऑर्कात त्याच जोडीने सेटिंगची खिडकी उघडते. बँकेचा फॉर्म भरताना हे झाले की माणूस गोंधळतो. एस्केप देऊन बाहेर या आणि इन्सर्ट ए वापरा. एनव्हीडीएतली इन्सर्ट एफ७ ची (शीर्षके, लिंक वगैरेंची) यादी ऑर्कात नाही, शीर्षकांसाठी ऑल्ट शिफ्ट एच आहे. शंका आली तर इन्सर्ट एच दाबून कोणतेही बटण तपासा. बाहेर पडायला एस्केप.

मराठीसाठी ऑर्काच्या सेटिंगमध्ये व्हॉइसच्या पानावर ईस्पीक एनजी आणि भाषा मराठी निवडा. हिंदी आवाजावर काम भागवू नका, उच्चार हिंदी वळणाचे होतात आणि लेखन तपासताना चुका कानातून निसटतात. मी दोन प्रोफाइल ठेवली आहेत, मराठी आणि इंग्रजी. ती बदलण्याचा शॉर्टकट आधीपासून नेमलेला नसतो, ‘की बाइंडिंग’ या पानावर स्वतः नेमावा लागतो.

टायपिंगला आयबस (भाषेचा कीबोर्ड बदलणारा प्रोग्रॅम) आणि त्याचे एम१७एन पॅकेज टाका आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा. बटणे विंडोजमधलीच : ळ ला शिफ्ट एन, ण ला शिफ्ट सी, हलन्त डी वर, आणि ‘दऱ्या’मधल्या ऱ ला शिफ्ट जे, मग डी. विंडोज बटण आणि स्पेसने भाषा बदलते, पण बदल झाल्याचे माझ्याकडे ऐकू येत नाही. म्हणून ऑर्काच्या सेटिंगमधल्या एकोच्या पानावर अक्षर उच्चारण्याची खूण करा, पहिल्याच अक्षराला भाषा कळते.

आपल्याकडे येणाऱ्या मराठी पीडीएफचा त्रास इथे बराच कमी होतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली पीडीएफ कोणत्याही स्क्रीन रीडरवर निरर्थक वाचली जाते, कारण आत युनिकोड (अक्षरांचे सर्वमान्य संकेत) नसते. पण ती चित्र म्हणून पाहिली तर अक्षरे बरोबरच असतात. पॉपलर या पीडीएफच्या साधनांतली पीडीएफ-टू-पीपीएम ही आज्ञा ३०० डीपीआयला चालवून पानांची चित्रे करा आणि ती टेसरॅक्टला (चित्रातली अक्षरे ओळखणारा प्रोग्रॅम) मराठीच्या पॅकेजसह द्या. भाषेचा संकेत एम-ए-आर. मजकुरात इंग्रजीही असेल तर अधिक चिन्ह लावून ई-एन-जी. बाहेर पडणाऱ्या फाइलच्या नावामागे टीएक्सटी लिहू नका, ते आपोआप लागते. छपाई स्वच्छ असेल तर परिपत्रक सलग वाचता येते. तक्त्यांमध्ये मात्र रकाने एकमेकांत मिसळतात, त्यामुळे आकडे कुणा डोळस माणसाकडून ताडून घ्यावेत.